‘जिणं आमचं’ आणि लपवलेले कागद

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. तेव्हापासून दलित साहित्याच्या समीक्षेने ते महारवाड्याच्या जीवनाचा दस्तऐवज म्हणून गौरविले आहे. मीही वर्गात ते तसेच शिकवीत आलो. भूक, अंधश्रद्धा, बाबासाहेबांच्या हाकेने जागा झालेला समाज, एवढे सांगितले की माझा तास संपे. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात बाईंचा स्वतःचा संसार कुठे आहे?” मला उत्तर देता आले नाही.

पुस्तकात सुनांचा छळ आहे. आठ-नऊ वर्षांची पोर सासरी जाते, कामाला जुंपली जाते. पळून गेली तर पायात लाकडाचा खोडा पडतो. सुनेचे नाक कापल्याचीही हकीगत येते. हे करणारे हात गावातल्या सवर्णांचे नाहीत, आपल्याच वाड्यातले आहेत. ज्यांना गावाने गुलाम केले त्यांनी सुनांना गुलाम केले, हे लेखिका निर्भयपणे सांगते.

पण स्वतःच्या नवऱ्याविषयी ती गप्प राहते. माया पंडित यांचा इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताई सांगतात, की नवरा संशय घेई, मारहाण करी. फलटणच्या आपल्या दुकानात बसून लिहिलेले कागद त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते.

समाजाचे दुःख आपल्या दुःखाहून मोठे, ही त्यांची भूमिका मी समजू शकतो. समीक्षेचे मौन मात्र मला समजत नाही. ‘आमचं’ या शब्दात आपण सामूहिकता पाहिली. त्यासाठी एका बाईला ‘माझं’ गिळावे लागले, हे पाहिले नाही. घरातले बाहेर काढले तर शत्रूच्या हाती कोलीत मिळेल, ही आपली नेहमीची सबब. पण घराची अब्रू बाईच्या तोंडाला कुलूप लावून राखायची, हा नियम कुणाचा? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. तिच्यातला नवरा मात्र आपण घरात जपून ठेवला.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते, की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. बायकोने नवऱ्याच्या बरोबरीने उभे राहावे, त्याची गुलाम होऊ नये, असेही त्यांनी बजावले होते. हे माप आपण सभेत वापरतो, घरी नेत नाही.

यापुढे मी ‘जिणं आमचं’ शिकवताना ती मुलाखतही सोबत वाचणार आहे. दलित स्त्रीचे आत्मकथन तपासताना तिने काय लिहिले याबरोबर तिला काय लिहिता आले नाही आणि कुणामुळे, हेही विचारले पाहिजे. हा लेख मी घरात सर्वांदेखत, टेबलावर कागद पसरून लिहितो आहे. माझ्याच घरात कुणाला आपले कागद लपवावे लागतात काय, हे मात्र मी आजवर विचारलेले नाही.