क्षमेचा अधिकार: ‘स्मृतिचित्रे’ आणि ख्रिस्ती गुरुपदाची मराठी कल्पना

परभणी जिल्ह्यातील सेलू या गावाशी निगडित असलेले एक आख्यान दासगणूंच्या संतचरित्रपर काव्यामुळे महाराष्ट्रभर पोचले. सेलूचे गोपाळराव देशमुख हे त्यातील गुरू. एका बालशिष्यावर त्यांचा विशेष लोभ असतो. मत्सराने पेटलेले काही जण त्या मुलावर वीट फेकतात. ती वीट गुरू स्वतःच्या मस्तकावर झेलतात. मारणाऱ्याला मृत्यू येतो आणि पुढे कृपेने त्याला जीवदानही मिळते. साईबाबांच्या पूर्वचरित्राशी जोडल्या गेलेल्या या आख्यानाची ऐतिहासिकता हा येथील विवेच्य विषय नाही. महत्त्वाचे आहे ते त्यात गृहीत धरलेले गुरुपदाचे स्वरूप. हा गुरू सोसतो, शिष्याचे रक्षण करतो आणि अपराध्यालाही कृपेबाहेर ठेवीत नाही. परंतु गुरूलाच क्षमा मागावी लागेल असा प्रसंग या आख्यानाच्या कक्षेत येत नाही. अपराध नेहमी खाली घडतो आणि क्षमा नेहमी वरून येते.

ख्रिस्ती धर्मग्रंथातील नेतृत्वाची कल्पना या ठिकाणी वेगळी वाट धरते. योहानाच्या शुभवर्तमानात गुरू शिष्यांचे पाय धुतो, हे नम्रतेचे सर्वपरिचित चित्र आहे. पण त्याहून अधिक मूलगामी आहे ते पेत्राचे स्थान. ज्या शिष्यावर कळप राखण्याची जबाबदारी सोपविली जाते, त्यानेच गुरूला तीनदा नाकारलेले असते. त्याला तीनदा प्रश्न विचारला जातो आणि तीनदा कामगिरी दिली जाते. म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा आद्य नेता हा मुळात क्षमा मिळालेला अपराधी आहे. पुढे अंत्युखियात, परजातीयांबरोबर भोजन करण्याच्या प्रश्नावर पेत्र कचरतो तेव्हा पौल त्याला सर्वांसमक्ष दोष देतो, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्या प्रसंगाची नोंदही करून ठेवतो. पंक्तिभेदाचा हा प्रसंग मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तर दोष दाखविण्याची रीतच घालून दिलेली आहे. आधी एकांतात सांगावे, नंतर दोघातिघांना साक्षीला घ्यावे आणि त्यानेही भागले नाही तर मंडळीपुढे जावे. त्याच अध्यायात क्षमेची मोजदाद करू पाहणाऱ्या पेत्राला सत्तर पट सातांचे उत्तर मिळते. कानउघाडणी आणि क्षमा या दोन्ही गोष्टी तेथे एकाच प्रकरणात येतात, हे लक्षणीय आहे. दोषाचा उच्चार टाळून क्षमा करणे तेथे अभिप्रेत दिसत नाही.

ही कल्पना एकोणिसाव्या शतकात मराठी भाषकांपर्यंत आली ती मात्र सत्तेच्या एका निश्चित उतरंडीतून. पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात याचा पुरावा सापडतो. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. तेथील भगिनीसंघातील सिस्टर जेरल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक माता ठरल्या. पुढील दोन-तीन वर्षांत रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका विचारल्या, चर्चचा प्रत्येक नियम विनातक्रार स्वीकारण्यास नकार दिला, शाकाहार सोडला नाही. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला आणि रमाबाईंना तो अपमानकारक वाटला. या सर्वांचे निदान जेरल्डिन यांच्या पत्रांत एकाच शब्दाशी येऊन थांबते. तो शब्द म्हणजे गर्व. शंकेच्या मागे गर्व, आहाराच्या मागे जातीचा गर्व आणि स्वतंत्र निर्णयाच्या मागे बुद्धीचा गर्व, अशी ही मांडणी आहे. औषध अर्थातच नम्रता.

रमाबाईंचे उत्तर नम्रतेच्या विरोधात नाही. आपण नुकतेच एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलो आहोत, आता दुसरे जोखड मानेवर घेणार नाही आणि आपली सदसद्‌विवेकबुद्धी कोणाकडे गहाण टाकणार नाही, अशा आशयाची भूमिका त्या घेतात. देवापुढील लीनता आणि माणसापुढील शरणागती या दोहोंत त्यांनी केलेला भेद मराठी ख्रिस्ती विचारविश्वातील एक मूलभूत भेद मानावा लागेल. नम्रता ही जेव्हा वरिष्ठाने कनिष्ठाकडून वसूल करावयाची गोष्ट होते, तेव्हा ती सद्गुण राहत नाही. ती शिस्त होते. आणि ज्याला उलट बोलण्याची मुभा नाही त्याची केलेली कानउघाडणी ही केवळ आज्ञेची पुनरुक्ती ठरते.

तरीही या प्रकरणाची एक दुसरी बाजू आहे आणि ती न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार ज्या संग्रहावर आधारलेला आहे, तो जपला आणि लावून ठेवला तो सिस्टर जेरल्डिन यांनीच. स्वतःला निरुत्तर करणारी पत्रे त्यांनी नष्ट केली नाहीत. रमाबाईंच्या घरात त्यांना ‘आजीबाई’ म्हणत, आणि मतभेदांनंतरही ते नाते टिकले. ज्या नम्रतेचा उपदेश जेरल्डिन यांनी पत्रांतून केला, तिचे आचरण त्यांनी बहुधा ही पत्रे सांभाळण्यातच केले. आपल्याविरुद्धचा पुरावा जपून ठेवणे ही अधिकारपदावरील व्यक्तीने दाखविलेली लहान नम्रता नव्हे.

वाँटेजच्या पत्रांत कानउघाडणी वरून खाली येते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये तिची दिशा उलटते, आणि या ग्रंथाचे ख्रिस्ती वाङ्मय म्हणून असलेले महत्त्व या उलटण्यात आहे. १९३४पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाची चर्चा सामान्यतः तिच्या प्रांजळ निवेदनाच्या, विनोदाच्या आणि स्त्री-आत्मचरित्राच्या परंपरेच्या अनुषंगाने झाली आहे. त्यातील धर्मविचाराकडे पाहताना बहुधा धर्मांतराची घटनाच डोळ्यांसमोर ठेवली जाते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा, त्यानंतरची ताटातूट, लक्ष्मीबाईंचा पंढरपूरचा काळ, पतीकडे परतल्यावरही वेगळी ठेवलेली चूल, आणि १९०० साली त्यांनी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा हा क्रम परिचित आहे. परंतु या क्रमाच्या आतून एक निराळा प्रश्न वाहतो. लोकांचा आध्यात्मिक नेता असलेल्या पुरुषाचे दोष ज्या व्यक्तीला रोज सोसावे लागतात, तिने त्याच्याविषयी सत्य कसे बोलावे?

टिळक हे केवळ कवी नव्हते. डोंगरावरील प्रवचनाने ते ख्रिस्ताकडे ओढले गेले. म्हणजे शत्रूवर प्रेम आणि अपराध्याला क्षमा हाच त्यांच्या श्रद्धेचा गाभा होता. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. परदेशी मिशनऱ्यांनी एतद्देशीय ख्रिस्ती माणसांशी मायबापाच्या नात्याने वागावे हे त्यांना मान्य नव्हते आणि ते त्यांनी उघड बोलून दाखविले. म्हणजे वरिष्ठांचा दोष दाखविण्याचा हक्क टिळकांनी स्वतः बजावला होता. तोच हक्क त्यांच्या बाबतीत कोणी बजावला, या प्रश्नाचे उत्तर ‘स्मृतिचित्रे’ देते. टिळकांचा भडका उडणारा राग, कोणाला न सांगता घर सोडून जाणे, हाती आलेला पैसा परोपकारात उडवून संसार उघड्यावर टाकणे आणि पत्नीच्या संमतीवाचून घेतलेला आयुष्य बदलणारा निर्णय, यांपैकी काहीही लक्ष्मीबाई झाकत नाहीत. राग ओसरल्यावरचा टिळकांचा पश्चात्तापही त्या झाकत नाहीत. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली लिहिलेल्या टिळकचरित्राचा रोख संतकवीच्या घडणीकडे आहे; लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात हाच संतकवी चुलीजवळून पाहिला जातो.

या दोषकथनाचे स्वरूप नीट पाहावयास हवे. निवेदिका पतीला सर्वत्र ‘टिळक’ म्हणते. या आडनावाने आदराचे अंतर राहते आणि त्याच अंतरामुळे त्यांच्याकडे एक पात्र म्हणून पाहण्याची मोकळीकही मिळते. दुसरे असे की तिच्या विनोदाचे लक्ष्य केवळ टिळक नाहीत. स्वतःचे अज्ञान, भाबडेपणा, सोवळ्याओवळ्याच्या कल्पना यांनाही ती तितक्याच मोकळेपणाने हसते. ज्याने दुसऱ्याला सावरावयाचे त्याने आपणही घसरू शकतो याचे भान ठेवावे, असे पौलाचे सांगणे आहे. ‘स्मृतिचित्रे’तील विनोद हे या भानाचेच वाङ्मयीन रूप होय. त्यामुळे कानउघाडणी करणारी व्यक्ती न्यायासनावर चढत नाही.

या रीतीला मराठीत पूर्वपीठिका नव्हती असे नाही. सेलू ज्या जिल्ह्यात आहे त्याच परभणी जिल्ह्यात गोदातीरी गंगाखेड आहे, आणि गंगाखेड हे जनाबाईचे गाव मानले जाते. दासी म्हणविणारी जनाबाई विठ्ठलाशी भांडते, त्याला बोल लावते, शिव्याही देते. आणि तिच्या भक्तीला त्यामुळे बाध येत नाही. दास्य आणि खडसावणे ही येथे परस्परविरोधी नसतात. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानीत. लक्ष्मीबाई त्या सेतूवरून आल्या तेव्हा त्यांनी जनाबाईचा हा सूर बरोबर आणला, असे म्हणता येईल. फरक एवढाच की जनाबाईचे बोल देवाला उद्देशून आहेत आणि देवाला अपराधी ठरविणे ही भक्तीतील लीला आहे. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथातील अपराधी मनुष्य आहे आणि अपराध खरे आहेत.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. हा विनोद म्हणजे क्षमा नसून झाकण आहे; पितृसत्ताक घरातील सोसणे त्याने सुसह्य आणि अखेर गोड करून टाकले, असे स्त्रीवादी वाचन म्हणू शकेल. या आक्षेपात तथ्य आहे. पत्नीने क्षमा करावी अशी अपेक्षा समाज आधीच बाळगून असतो, आणि धर्म त्या अपेक्षेला पुण्याचे नाव देतो. जी क्षमा नाकारण्याची सोय नाही ती क्षमा म्हणावी काय? रमाबाईंच्या संदर्भात नम्रतेविषयी जे दिसले तेच येथे क्षमेविषयीही खरे आहे. वसूल केलेली क्षमा ही क्षमा नव्हे.

परंतु हा आक्षेप संहितेपुढे पूर्णतः टिकत नाही. झाकण घालणारा विनोद प्रसंग वगळतो किंवा सौम्य करतो. ‘स्मृतिचित्रे’त प्रसंग ठसठशीतपणे उभे राहतात. वाचक हसतो, पण त्या क्षणी घरात कोण उपाशी होते, कोण वाट पाहत होते हे त्याच्या नजरेआड होत नाही. शिवाय काळाचा मुद्दा निर्णायक आहे. टिळकांचे निधन ९ मे १९१९ रोजी झाले. लक्ष्मीबाईंनी लिहिले ते त्यानंतर अनेक वर्षांनी, जेव्हा समाजाने टिळकांना संतपदी बसविले होते. मौन पाळणे हीच त्या वेळी सर्वांना रुचणारी क्षमा ठरली असती. त्यांनी ती नाकारली. त्याच काळात टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्या पुढे नेत होत्या. एका ग्रंथात पतीचे व्रत पूर्ण करणे आणि दुसऱ्यात त्याचे दोष लिहून ठेवणे, ही दोन्ही कामे त्यांनी विसंगत मानली नाहीत. मत्तयाच्या अध्यायातील दोषोच्चार आणि क्षमा यांची जी सांगड वर दिसली, तिचे इतके सहज उदाहरण मराठी गद्यात क्वचित आढळेल.

मर्यादाही नोंदवावयास हवी. १९१७ साली टिळकांनी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले, संन्यासवृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना त्यात स्थान होते. परकीय वर्चस्वापासून मुक्त अशी ही नम्रतेची संस्था असावी हा हेतू होता. तथापि वेतनत्यागाची किंमत संसारालाही मोजावी लागते, आणि मिशनच्या मायबापपणाला नकार देणारा नेता स्वतः शिष्यांचा गुरू होतो तेव्हा त्याला कोणी टोकावे याची तरतूद त्याच्या आध्यात्मिक प्रतिष्ठेने होत नाही. ‘दरबार’ टिळकांच्या निधनानंतर फार काळ प्रभावी राहिला नाही, ग्रंथ राहिला. लक्ष्मीबाईंनी जे केले ते एका व्यक्तीचे सामर्थ्य होते. त्याची रीत मंडळीच्या व्यवहारात रुजली असे मानण्यास आधार नाही.

सेलूच्या आख्यानातील गुरू शिष्यावर येणारी वीट आपल्या माथ्यावर घेतो. त्या प्रतिमेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु वीट कधीकधी गुरूच्या हातूनही सुटते, आणि ती झेलणारे माणूस घरातलेच असते. ‘स्मृतिचित्रे’ने मराठी वाङ्मयात आणलेली गोष्ट ही की त्या माणसाने जखमेची नोंद केली, गुरूचे मोठेपण नाकारले नाही आणि क्षमेचा अधिकार मात्र स्वतःकडे ठेवला. आध्यात्मिक नेत्याच्या नम्रतेची कसोटी त्याच्या स्वतःच्या बोलण्यातून लागत नाही. त्याच्याविषयी असे पुस्तक लिहिले जाऊ शकते काय, आणि ते वाचूनही त्याच्यावर प्रेम करता येते काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून ती लागते. टिळकांच्या बाबतीत दोन्ही उत्तरे होकारार्थी आहेत, आणि त्यांतील पहिल्याचे श्रेय टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंकडे अधिक जाते.