खोडकर अस्वल काय शिकवतं?

"सात आठे किती?" मूल म्हणतं, "छप्पन्न." आपण जरा थांबून विचारतो, "नक्की?" की झालं! लगेच "चौपन्न... नाही, अठ्ठावन्न" अशी घसरगुंडी सुरू होते. बरोबर उत्तर मूल सोडून का देतं? हा प्रश्न मनात धरून आम्ही मार्गारेट डोनाल्डसन यांचं 'चिल्ड्रन्स माइंड्स' हे १९७८ सालचं पुस्तक पुन्हा वाचलं.

डोनाल्डसन एडिंबरा विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत. त्यांचा वाद आहे तो जाँ पियाजे यांच्याशी. पियाजे आपण सगळेच अध्यापक विद्यालयात शिकलो : चार अवस्था, त्यांची वयं, आणि परीक्षेपुरता पाठ केलेला तक्ता. त्यातला एक प्रयोग आठवत असेल. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मुलासमोर मांडायच्या. "दोन्हींत सारख्याच आहेत का?" मूल हो म्हणतं. मग त्याच्यादेखत एक ओळ लांबवायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. सहा-सात वर्षांखालची बरीच मुलं म्हणतात, "लांब ओळीत जास्त." यावरून निष्कर्ष काढला गेला, की मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, हे या वयात कळत नाही.

डोनाल्डसन विचारतात, मुलाला हा प्रसंग कसा दिसत असेल? मोठ्या माणसानं मुद्दाम काहीतरी बदललं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. म्हणजे उत्तरही बदलायला हवं असणार! त्यांनी जेम्स मॅक्‌गॅरिगल यांच्याबरोबर प्रयोगात एक छोटासा फरक केला. ओळ विस्कटायची ती खोक्यातून निसटलेल्या एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलानं. चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांपैकी, मोठ्या माणसानं ओळ हलवली तेव्हा १३ जणांनीच बरोबर उत्तर दिलं. अस्वलानं हलवली तेव्हा ५० जणांनी! सोंगट्या त्याच, प्रश्न तोच. १९७४ मध्येच रोझ आणि ब्लँक यांनी पहिला प्रश्न गाळून फक्त बदलानंतर एकदाच विचारलं, तेव्हाही मुलांच्या चुका कमी झाल्या होत्या. आपल्या "नक्की?"चं कोडं इथं उलगडू लागतं.

दुसरं उदाहरण पर्वतांचं. तीन डोंगरांच्या देखाव्यापलीकडे ठेवलेल्या बाहुलीला काय दिसत असेल, हे लहान मुलांना सांगता येत नाही. ती स्वतःला दिसतं तेच चित्र निवडतात. म्हणून पियाजेंनी त्यांना 'आत्मकेंद्री' म्हटलं. मार्टिन ह्यूज यांनी डोंगर काढून टाकले. अधिक चिन्हासारख्या दोन भिंती, दोन पोलीस आणि एक लपणारा मुलगा मांडला. कोणत्याच पोलिसाला दिसणार नाही अशा जागी मुलाला लपवायचं. साडेतीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांची सुमारे ९० टक्के उत्तरं बरोबर आली. लपंडाव कोणाला कळत नाही?

इथवर आम्ही डोनाल्डसनबाईंच्या बाजूचे. पण पुढं सावधपणे वाचावं लागतं. अस्वलाच्या करामतीत मूल रंगून गेलं, ओळीकडे त्याचं लक्षच नव्हतं, म्हणून ते "सारख्याच" म्हणालं, असंही असू शकेल. मूर आणि फ्राय यांनी १९८६ मध्ये हेच तपासलं. सोंगट्यांची संख्या खरोखरच बदलली, तेव्हा अस्वलाच्या खेळात मुलं उलट अधिक चुकली. म्हणजे बरोबर उत्तर हासुद्धा समज आल्याचा पक्का पुरावा नव्हे. 'मुलांना सगळं आधीच येतं' असा अर्थ या पुस्तकातून काढणं आम्हाला घाईचं वाटतं. लेखिकाही तसं म्हणत नाहीत. ओळखीच्या प्रसंगात मुलं चांगला विचार करतात. प्रसंगापासून सुटा केलेला विचार मात्र शिकवावा लागतो, आणि शाळा नेमका तोच न शिकवता मागते, हे त्यांचं खरं दुखणं आहे.

पियाजेंवरही अन्याय नको. तरुणपणी पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना त्यांना गुणांपेक्षा मुलांच्या चुकांमागचा विचार महत्त्वाचा वाटला. त्यांचं सारं संशोधन त्यातूनच उभं राहिलं. तक्ता पाठ करताना आपण नेमकं तेवढंच विसरलो. मग दुसरीतल्या मुलाबद्दल "अजून त्याची ती अवस्था आली नाही" असं म्हणून मोकळं होता येतं. हा शेरा एकदा बसला, की त्या मुलाला वेगळ्या तऱ्हेनं प्रश्न विचारून पाहायचं राहूनच जातं. नुकसान होतं ते त्याचं.

शेंगदाणे किंवा बटणं घेऊन हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहा : एकदा स्वतः ओळ हलवून, एकदा बाहुलीकरवी. आणि एकदा बाहुलीनं हळूच एक बटण पळवलं तर? मुलं काय म्हणाली आणि का म्हणाली, ते आम्हाला कळवा.