सरकणारी गाठ

रुखवतातल्या वस्तू लोक हातभर अंतरावरून पाहतात, आणि टॅटिंगची लेस तिथेच मार खाते. क्रोशाचं तोरण लांबूनही डोळ्यांत भरतं. टॅटिंगचं बोटभर रुंदीचं काम हातात घेऊन पाहिल्याशिवाय उलगडत नाही. मिरजगावच्या एका घरातल्या रुखवतातला असा एक हातरुमाल माझ्यासमोर आहे. पांढरी मलमल, आणि चारी बाजूंनी ४० नंबरच्या दोऱ्याची कड.

आधी या कडेतली एक कडीच बघा. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा फेर घ्यायचा आणि उजव्या हातातलं होडीच्या आकाराचं शटल त्याच्या खालून-वरून फिरवायचं. एक अर्धी गाठ, मग उलट दिशेने दुसरी. दोन्ही मिळून एक पुरी गाठ. मात्र गाठ मारतो शटलचा दोरा आणि ती बसायला हवी फेराच्या दोऱ्यावर. त्यासाठी डावी बोटं क्षणभर सैल सोडून शटलचा दोरा ताणायचा, की गाठ या दोऱ्यावरून त्या दोऱ्यावर उलटते आणि शटलचा दोरा तिच्या पोटातून मोकळा सरकतो. नवशिक्यांचे दिवसच्या दिवस इथे जातात, कारण हे सांगून कळत नाही, बोटांनाच उमगावं लागतं. एक गाठ जरी उलटायची राहिली तरी ओढून कडी मिटत नाही. या रुमालावर दर कडीत वीस गाठी आहेत, आणि प्रत्येक कडी बुडाशी टोकदार, थेंबासारखी मिटली आहे.

पिको त्याहून नाजूक. दोन गाठींत थोडा दोरा सोडून पुढची गाठ मागचीला भिडवली, की मधला दोरा फास होऊन उभा राहतो. पूर्वी सुट्या कड्या करून त्या सुईने टाचत. इंग्लंडमध्ये मादमोआझेल रिएगो यांचं टॅटिंगचं पुस्तक १८५० साली आलं. त्या सुमारास पिकोतूनच शेजारची कडी जोडून घेण्याची रीत रुळली. हा रुमाल करणाऱ्या बाईंनी जोडाचे पिको आखूड ठेवलेत आणि शोभेचे किंचित उंच. त्यामुळे कड्या खांद्याला खांदा लावून बसतात आणि वरची झालर मोकळी डुलते. किती विचारपूर्वक!

कड्यांमधल्या कमानींना गुंडीचा दुसरा दोरा लागतो. तो जरा जास्त ओढला तर कमान आखडते, सैल पडला तर लोळते. कोपऱ्यावर खरी परीक्षा. तिथे कमानीत गाठी वाढवल्या नाहीत तर कापड चुरमडतं. इथे बाईंनी आठाच्या बारा गाठी केल्या आहेत आणि कोपऱ्यात तीन कड्यांची तिपाकळी बसवली आहे. चारही तिपाकळ्या कापडावर सपाट पडतात. इस्त्रीची गरज वाटू नये इतक्या.

क्रोशा चुकला तर दोरा ओढून उसवता येतो. आंध्रातल्या नरसापूरची प्रसिद्ध लेस क्रोशाची, तिला ही सवलत आहे, टॅटिंगला नाही. मिटलेली कडी सुईच्या टोकाने गाठ-गाठ सोडवावी लागते, नाहीतर कापावी. शटलमधला दोरा कडीच्या मध्येच संपला तर तिथे गाठ मारून चालत नाही. म्हणून नवी कडी धरण्याआधीच तो जोखावा लागतो. उन्हाळ्यात घामट हातांनी दोरा मळतो आणि गाठ सरकेनाशी होते. म्हणून मिरजगावच्या वैशाखात हे काम सकाळीच करावं. एरवी मात्र इतका सुटसुटीत छंद दुसरा नाही. सगळा पसारा मुठीत मावतो, आणि सोलापूर रस्त्यावरून नगरला जाणाऱ्या एसटीतही दोन कड्या होतात.

आता शेवटचा जोड. कड पुरी फिरून आली की अखेरची कडी पहिलीच्या पिकोला जोडायची असते, आणि तो पिको नेमका उलट बाजूने हाती येतो. तसाच ओढला तर त्याला पीळ पडतो. काम दुमडून, पिको आधीच फिरवून घ्यावा लागतो. भल्याभल्यांची कड इथे उघडी पडते. मी भिंग घेऊन चारही बाजू तपासल्या. जोडाच्या जागी मागच्या बाजूला दिसणारी दोऱ्याची बारीक आडवी रेघ सगळीकडे सारखीच आहे. कड कुठून सुरू झाली ते मला सांगता येत नाही.