माती, मॅट आणि आमचं नाक

डोंबिवलीत आम्ही एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकलं: "आमचा मुलगा क्रिकेटला जातो." कबड्डीचं नाव निघालं की, "ती गावठाणातली पोरं खेळतात." असं म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधी कबूल करू.

आता गंमत पाहा. त्याच गावठाणांत टेनिस बॉलचं क्रिकेटही रंगतं. पण सीझन बॉलवाले त्याला क्रिकेट मानायला तयार नसतात! म्हणजे प्रश्न खेळाचा नव्हताच. कोण खेळतं, याचा होता.

दुसरी बाजूही निर्दोष नाही. कबड्डीवाले क्रिकेटला 'कपडे न मळणारा खेळ' म्हणून हिणवतात. डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेनं लोकलच्या गर्दीत किट वाहिलं, ते मग काय होतं?

१९९० साली कबड्डी एशियाडमध्ये आली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. आमच्या सोसायट्यांना त्याचं कौतुक नव्हतं. २०१४ला प्रो कबड्डी आली, मातीच्या जागी टीव्हीवर झगमगती मॅट दिसली आणि रातोरात तो 'आपला मराठमोळा खेळ' झाला. हा आदर खेळाला मिळाला की पडद्याला?

खेळाचं मोल खेळाच्या आत शोधावं लागतं. समोर सात जण, हाताशी ३० सेकंद. तिथं चढाई करणाऱ्याला घ्यावा लागणारा निर्णय आणि वेगवान चेंडूपुढे फलंदाजाला घ्यावा लागणारा निर्णय, यांची जात एकच आहे. ती ओळखायची तर मैदानाकडे पाहावं लागतं. आम्ही पत्ता पाहत बसलो.