मनोऱ्याखालचा पाथरवट

न्यूरेंबर्गला गेलेला पर्यटक किल्ला चढतो, अल्ब्रेख्त ड्युररचं घर बघतो, बाजारचौकातल्या कारंज्याची सोनेरी कडी फिरवून इच्छा मागतो आणि बोटाएवढाले सॉसेज खाऊन परततो. यात वावगं काहीच नाही. पण सेंट लोरेन्झ चर्चमधलं आडाम क्राफ्ट या पाथरवटाचं काम सवड काढून पाहावं असं आहे.

हा दगडी मनोरा म्हणजे मुळात एक कपाट. प्रभुभोजनातली पवित्र भाकरी ठेवण्यासाठी हान्स इम्होफ या व्यापाऱ्यानं तो करवून घेतला. काम १४९३ ते १४९६ चाललं. (इम्होफच्या घराण्यानं पुढे १५०५ साली हिंदुस्थानकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमारात पैसा घातला. मिरीचा मोह!) उंची सुमारे २० मीटर. ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांची कथा शेवटच्या भोजनापासून छळ, क्रूस, पुनरुत्थान अशी वर चढत जाते. चढता चढता दगड विरळ होत जातो आणि छताशी पोचल्यावर टोक चक्क वेलीच्या कोंबासारखं वळतं. क्राफ्टला दगड मऊ करण्याची विद्या येत होती, अशी दंतकथा उगीच नाही पसरली.

मला मात्र मनोऱ्याचा तळ जास्त बोलका वाटतो. कपाटाभोवतीचा सज्जा गुडघे टेकलेल्या तीन माणसांनी पेलला आहे. संत नव्हेत, देवदूत नव्हेत, पाथरवट. त्यातला दाढीवाला, टोपी घातलेला, हातात हातोडा आणि छिन्नी धरलेला तो स्वतः क्राफ्ट, असं मानतात. बाकीचे दोघे त्याचे साथीदार. दात्याचं कुलचिन्ह असलेली ढाल मनोऱ्यावर आहेच, पण भार कोणावर आहे हे कारागिरानं स्वच्छ दाखवून दिलं. यात नम्रता किती आणि ऐट किती, हे ठरवता येत नाही. गंमत तिथेच आहे.

१५२५ मध्ये शहर ल्यूथरच्या पंथाकडे वळलं, भाकरी अशी जपून ठेवण्याची रीत मागे पडली आणि कपाटाचं कामच संपलं. तरी ते कोणी फोडलं नाही. कारण अशी कामं करवून घेणारी बडी घराणीच शहराचा कारभार पाहत होती. दुसऱ्या महायुद्धात मनोऱ्याभोवती भिंत बांधली होती, तरी वरच्या भागाला इजा झालीच. ती पुढे दुरुस्त केली.

जवळच छतापासून टांगलेलं फाइट श्टोसचं लाकडी शिल्प आहे, मेरी आणि देवदूताचं. तेही अप्रतिम, पण मान वर करून दुरूनच बघावं लागतं. क्राफ्टसमोर उकिडवं बसून त्याच्या छिन्नीपर्यंत नजर नेता येते.