'वेडा', 'मनोरुग्ण' आणि 'करमत नाही' : मानसिक आजाराच्या मराठी शब्दसंपत्तीची समीक्षा

परिभाषेची चर्चा करताना शब्द अर्थदृष्ट्या अचूक आहे काय आणि तो मराठीच्या प्रकृतीला मानवणारा आहे काय, असे दोनच प्रश्न सामान्यतः विचारले जातात. रोगवाचक शब्दांच्या बाबतीत मात्र तिसरा प्रश्न अपरिहार्य ठरतो : ज्याला तो रोग झाला आहे त्याला तो शब्द स्वतःविषयी उच्चारता येतो काय? 'मला हिवताप झाला' असे सांगताना कोणाचीही जीभ अडखळत नाही. मानसिक आजाराविषयी मराठीत रूढ झालेले बहुतेक शब्द मात्र या कसोटीस उतरत नाहीत. प्रस्तुत लेखात त्यांची परीक्षा करावयाची असून ती गोंदिया जिल्ह्याचे भाषिक वास्तव समोर ठेवून केली आहे.

१९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी व छत्तीसगढी शेजारी शेजारी नांदतात. घरात एक बोली, बाजारात दुसरी आणि दवाखान्यात प्रमाण मराठी अथवा हिंदी, अशी येथील अनेकांची स्थिती असते. शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला, म्हणजे लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटरवर आहे. २०१६ पासून गोंदियात वैद्यकीय महाविद्यालय झाल्याने उपचाराचे अंतर काहीसे कमी झाले असेल. शब्दांचे अंतर तेवढ्याने कमी होत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा समावेश नव्हता, परंतु गोंदियाला लागून असलेल्या मध्यप्रदेश व छत्तीसगढ या राज्यांसह बारा राज्ये होती. त्यात १०.६ टक्के प्रौढांना काही ना काही मानसिक आजार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे दिसले. उपचाराच्या या अभावाला डॉक्टरांची वाण हे एक कारण आहेच. पण जे सांगताच येत नाही, त्यावर उपचार कोणी मागावा, हाही प्रश्न त्यात आहे.

प्रथम जुने शब्द पाहू. 'वेड' आणि 'पिसे' हे दोन्ही शब्द जुन्या मराठीत आढळतात. दुसरा आज 'वेडापिसा' या जोडशब्दात उरला आहे. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत, आणि महानुभावांनी त्याच वागण्यात ईश्वराची लीला पाहिली. अर्थात या शब्दाला निंदेइतकीच भक्तीचीही बाजू होती. व्याकरणाच्या दृष्टीने 'त्याला वेड लागले' ही रचना विशेष लक्षणीय आहे. भूक, तहान, ठेच जशी 'लागते' तसेच वेडही लागते. माणूस चतुर्थीत राहतो आणि आजार त्याच्याबाहेरची वस्तू म्हणून उभा राहतो. 'बाधा झाली' या प्रयोगातही हेच घडते. याउलट 'तो वेडा आहे' या वाक्यात आजार हा माणसाचा गुणधर्म बनतो. पहिली रचना अधिक माणुसकीची आहे, यात शंका नाही; परंतु प्रथमपुरुषात तीही निरुपयोगी ठरते. 'मला गाण्याचे वेड आहे' असे अभिमानाने म्हणता येते, 'मला वेड लागायची पाळी आली' असे त्राग्याने म्हणता येते. पण खऱ्या अर्थाने 'मला वेड लागले आहे' असे मराठी माणूस म्हणत नाही. ज्याला सांगावयाचे आहे, त्याच्यासाठी या शब्दाचा फक्त लाक्षणिक अर्थ शिल्लक राहिला आहे.

या अडचणीवर उपाय म्हणून संस्कृतनिष्ठ शब्द आले. त्यांत सभ्यता आहे. पण माणूस आणि आजार यांच्यातील अंतर त्यांनी पुसून टाकले. 'मनोरुग्ण' हे संपूर्ण माणसाचे नाव आहे. 'त्याला मधुमेह आहे' यासारखी रचना ते होऊ देत नाही. 'विकार' या शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'च्या रूपांतराला १८८३ साली 'विकारविलसित' हे नाव दिले, तेव्हा विकार म्हणजे राग, शोक, मत्सर असे प्रत्येकाच्या ठायी असणारे मनोधर्म होत. आज 'मनोविकार' म्हटले की काही थोड्यांचा रोग एवढाच अर्थ उरतो. जे सर्वांचे होते, ते परक्यांचे झाले.

कायद्याची भाषा मात्र उलट दिशेने सरकली आहे. १९१२ च्या कायद्याचे नावच वेड्यांचा कायदा असे होते. १९८७ च्या कायद्यात 'मनोरुग्ण व्यक्ती' आली. २०१७ च्या कायद्याने 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' अशी रचना स्वीकारली. आजार हा व्यक्तीचे विशेषण न राहता तिच्यापाशी 'असलेली' गोष्ट झाला. तथापि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यात मानसिक विकाराचा उल्लेख विवाहाच्या अटींत आणि घटस्फोटाच्या कारणांत आजही आहे. भावाच्या आजाराचे नाव निघाले की बहिणीची सोयरीक अडते, ही भीती बाळगणाऱ्या कुटुंबाचे मौन केवळ अज्ञानातून आलेले नसते.

सर्वांत कठोर परीक्षा 'छिन्नमनस्कता' या शब्दाची करावी लागेल. ब्लॉयलर या स्विस वैद्याने १९०८ मध्ये ग्रीक धातूंपासून 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द घडविला; मराठीने त्याचे अवयवशः भाषांतर केले. जपानी भाषेनेही तेच केले होते, आणि तेथे 'मन दुभंगण्याचा रोग' या नावाला रुग्णांच्या कुटुंबीयांनी हरकत घेतली. २००२ साली जपानच्या मानसरोगतज्ज्ञांच्या संस्थेने ते नाव बदलले. त्यापूर्वी सुमारे ३७ टक्के रुग्णांनाच त्यांच्या रोगाचे नाव सांगितले जात असे. पुढील दोनतीन वर्षांत हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर गेले. रुग्णापाशी जो शब्द उच्चारण्यास वैद्यच कचरतो, तो रुग्णाने कसा उच्चारावा?

वाङ्मय व चित्रपट यांनी या बाबतीत परिभाषेपेक्षा अधिक साधले आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटातील शेष हा हास्यविषयही नाही आणि खलपुरुषही नाही. बहिणीच्या घरात राहणारा एक माणूस आहे. तथापि आजाराला नाव देण्याचे व तो समजावून सांगण्याचे काम तेथे मुख्यतः इतरांकडेच राहते. त्याच दिग्दर्शकांचा 'कासव' हा चित्रपट पुढचे पाऊल टाकतो. खचलेल्या तरुणाला जानकी आधार देते, आणि ती स्वतः अशाच अवस्थेतून गेलेली असल्याने त्याला बोलण्याची सक्ती करीत नाही. लाजेचे मौन वेगळे आणि विसाव्याचे मौन वेगळे, हा भेद मराठीत इतक्या स्पष्टपणे क्वचितच दाखविला गेला असेल. परंतु दोन्ही कथा कोकणच्या आसमंताशी आणि प्रमाण मराठीशी निगडित आहेत. झाडीपट्टीतील माणसाला त्यांतून स्वतःची बोली मिळत नाही.

शब्द बदलून दुःख हलके होत नाही, आणि नव्या शब्दालाही कालांतराने जुनाच कलंक चिकटतो, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. परंतु विदर्भातीलच एक अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविण्यात आला. विदर्भातील ताण व आरोग्य यांविषयीचा कार्यक्रम, असे त्याच्या नावातच सुचविले होते. रोगाचा उल्लेख त्यात नव्हता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे श्रेय एकट्या नावाचे नव्हे. गावातील कार्यकर्ते, समुपदेशक व डॉक्टर यांची साखळी त्यामागे होती. पण लोकांना ज्या शब्दाने दार ठोठावता येईल, तोच शब्द दारावर होता, हे विसरता येत नाही.

असे शब्द मराठीत दुर्मिळ नाहीत. 'मला करमत नाही', 'मन लागत नाही', 'जीव घाबरतो', 'काही सुचत नाही' ही सर्व वाक्ये प्रथमपुरुषात सहज बोलली जातात. पूर्व विदर्भात 'मला'चे 'मले' होते, एवढाच फरक. या वाक्यांना कोणी हसत नाही. ही रोगांची नावे नव्हेत, आणि 'करमत नाही' म्हणणाऱ्याला माहेरी दोन दिवस जाऊन ये, असे सांगून वाटेला लावणे हे तर घातकच होय. ती निदानाची पहिली पायरी आहेत. वैद्याने आपली परिभाषा त्यांच्यापासून सुरू करावी, आणि कोशकारांनी त्यांची नोंद केवळ वाक्प्रचार म्हणून न करता आजाराची भाषा म्हणूनही करावी. झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली की मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटके होतात व हजारो प्रेक्षक ती पाहतात. त्या रंगमंचावर एखाद्या पात्राने 'मले करमत नाही' असे म्हटले आणि दुसऱ्याने त्याला डॉक्टरकडे नेले, तर शासकीय पत्रकांना जे साधत नाही ते कदाचित साधेल. तूर्त अर्जुनी मोरगावपासून सालेकशापर्यंतच्या गावांतून, प्रत्येक बोलीत, आजारी माणूस स्वतःविषयी कोणते शब्द वापरतो याचा संग्रह होणे निकडीचे आहे. तो झाल्यावाचून या विषयावर घडविलेली कोणतीही परिभाषा बोलणाऱ्याची होणार नाही.