‘मस्ट’ची सक्ती

शालेय इंग्रजी व्याकरणांत ‘मस्ट’, ‘शुड’, ‘ऑट टू’, ‘हॅव टू’ ही सारी क्रियापदे बहुधा एकाच पंगतीस बसविलेली असतात आणि सर्वांच्या पानांत ‘पाहिजे’ हा एकच पदार्थ वाढलेला असतो. परीक्षेपुरते हे चालते. परंतु शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील न्यायसभेचा प्रवेश मराठीत आणू गेल्यास, अनुवादकाची खरी परीक्षा या एका शब्दापाशीच होते, असे आम्हांस वाटते.

प्रसंग रसिकांच्या परिचयाचा आहे. तीन हजार डुकाटांचे कर्ज मुदतीत न फिटल्यामुळे शायलॉक करारान्वये अँटोनिओच्या देहाचे रत्तलभर मांस मागतो आहे. विधिज्ञाच्या वेषात आलेली पोर्शिया अँटोनिओकडून करार कबूल करून घेते आणि म्हणते की, मग या ज्यूने दयाळू होणे ‘मस्ट’ आहे. शायलॉक तेवढाच शब्द पकडून विचारतो की, ही सक्ती कोणती? दयेचे ते विख्यात भाषण या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मास येते.

पोर्शियाच्या मनातील ‘मस्ट’ म्हणजे, आता दयेवाचून दुसरी वाट उरली नाही. सावकाराच्या कानी पडलेला ‘मस्ट’ म्हणजे न्यायासनाचा हुकूम. दोन्ही अर्थ त्या शब्दात नांदतात, म्हणूनच त्याचा प्रश्न व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तिने ‘शुड’ किंवा ‘ऑट टू’ म्हटले असते, तर तो कीर्तनकाराचा ‘दया करावी’ असा उपदेश झाला असता. शायलॉकने मान हलवून सुरी परजणे चालू ठेवले असते. याउलट मराठीत ‘दया करावी लागेल’ असे लिहावे, तर सक्ती उघडच बोलून दाखविली जाते व प्रश्नाला जागाच उरत नाही. कोंकणीतही ‘दया करूंक जाय’ आणि ‘दया करची पडटली’ यांत हेच अंतर आहे. आमची पसंती ‘दया केली पाहिजे’ याला आहे. ‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहणे’ या धातूचे कर्मणी रूप; त्यात अपेक्षा आहे, आणि ऐकणाऱ्यास धाकही ऐकू येऊ शकतो.

शाळांच्या संमेलनांत हा प्रवेश बहुधा दयेच्या भाषणापाशीच संपतो. आमची तक्रार नेमकी येथे आहे. पुढे डाव उलटल्यावर अँटोनिओ अट घालतो की, शायलॉकने ख्रिस्ती व्हावे. आणि ड्यूक सांगतो की, तो हे करील, नाहीतर दिलेली क्षमा आपण मागे घेऊ. त्याच्या तोंडी ‘शॅल’ आहे. तृतीय पुरुषातील हा ‘शॅल’ बोलणाराची इच्छा दुसऱ्यावर लादतो. हे नाटक १६०० साली छापले गेले. त्याच्या चाळीस वर्षे आधी, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले होते. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास का आली, हे जाणणाऱ्या वाचकास या ‘शॅल’चा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही.

म्हणून ‘लागेल’ हे रूप अनुवादकाने पोर्शियाच्या तोंडी खर्चू नये, ड्यूकसाठी राखून ठेवावे. ‘त्याला हे करावेच लागेल.’ शायलॉक या वेळी सक्ती कोणती, असे विचारीत नाही. मान्य आहे, म्हणतो. आणि आपणांस बरे वाटत नाही, एवढे सांगून निघून जातो.